नाशिकमध्ये जिवंत झरे कुठे, कधी आणि कसे पाहावेत?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला असताना तिथलं सॅन पेड्रो स्प्रिंग्ज पार्क मुद्दाम पाहायला गेलात. झऱ्यांभोवती वसलेलं जुनं उद्यान म्हणून मोठ्या उत्सुकतेने गेलात, झाडी आवडली, तळं आवडलं, पण झरे कोरडे होते. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. ते झरे गेले कुठे हे समजून घ्यायचंय, आणि इथे नातवंडांना व भजनी मंडळातल्या मैत्रिणींना खरा जिवंत झरा दाखवायचाय. तो कुठे, कोणत्या महिन्यात आणि काय बरोबर नेऊन पाहायचा, त्याचं पाणी प्यावं का, असं तुम्ही विचारलंय. भूजलाच्या कामात माझी हयात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सॅन पेड्रोचे झरे कुठेही गेलेले नाहीत. त्यांच्या तोंडाखाली भूजलाची पातळी उतरली आहे, इतकंच. जमिनीखालच्या पाण्याची पातळी जिथे जमिनीच्या वर डोकावते तिथे झरा वाहतो, आणि पातळी हातभर जरी खाली गेली तरी तो थांबतो. खडकातली वाट तशीच राहते. एवढी एक गोष्ट मनात पक्की धरली की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला जागेवर उभं राहून स्वतःच देता येतील.

त्या उद्यानाचा इतिहास फार मोलाचा आहे. १७१८ मध्ये सॅन अँटोनियोची वसाहत आणि तिथलं पहिलं ख्रिस्ती मिशन उभं राहिलं ते याच झऱ्यांच्या आधाराने. त्यांचं पाणी पाटाने शेतीला नेलं होतं. १७२९ मध्ये स्पेनच्या राजाने झऱ्यांभोवतीची जमीन सर्वांसाठी राखून ठेवली आणि १८५२ मध्ये शहराने तिथे रीतसर उद्यान केलं. आज ते सुमारे ४६ एकरांचं आहे. तुम्ही पाहिलेलं तळं हा पोहण्याचा तलाव आहे, २००० साली नव्याने बांधलेला. त्याला जुन्या तळ्याचं रूप दिलंय, पण पाणी झऱ्याचं नाही. झऱ्यांची तोंडं जवळच्याच चुनखडीच्या खडकात आहेत.

हे पाणी एडवर्ड्स नावाच्या भूजलसाठ्यातलं. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, म्हणून तिथे खडकात मोठमोठ्या पोकळ्या आणि बोगदे तयार झालेत. पाऊस पडला की पाणी वेगाने आत शिरतं आणि पातळी झपाट्याने चढते. उपसा वाढला की तशीच झपाट्याने उतरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराने खोल विहिरी घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून सॅन पेड्रोचे झरे सलग वाहत नाहीत. चांगल्या पावसाळी वर्षात ते पुन्हा जागे होतात. उपशावर मर्यादा घालायला तिथल्या विधिमंडळाने १९९३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं. जे-१७ नावाच्या एका निरीक्षण विहिरीची पातळी तिथे रोज जाहीर होते आणि स्थानिक बातम्यांतही येते. पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलाला आधी तो आकडा पाहायला सांगा. चार-सहा महिने चांगला पाऊस झालेला असेल आणि पातळी चढलेली असेल, तरच झऱ्यांच्या आशेने जा. एरवी जुनी दगडी इमारत, पाटाच्या खुणा आणि झाडी पाहायला जा. तेवढ्यासाठीही ती जागा पाहण्यासारखी आहे.

आता नाशिक.

इथला खडक वेगळा, म्हणून झऱ्याचा स्वभावही वेगळा. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, भुसभुशीत, आणि खालचा घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी रंगाचा मातीसारखा पट्टा दिसतो. पावसाचं पाणी मुरमातून आणि भेगांतून खाली उतरतं, घट्ट पाषाणावर किंवा त्या तांबड्या पट्ट्यावर अडतं आणि आडवं सरकू लागतं. डोंगराची कड जिथे हा थर कापते, तिथे पाणी बाहेर येतं. सह्याद्रीतले बहुतेक झरे असेच आहेत. म्हणून झरा शोधताना पाण्याकडे नंतर बघा, आधी कड्यावरची ती आडवी रेघ शोधा. रेघेवर शेवाळ, नेचे, एखादं उंबराचं झाड दिसलं की बारकाईने पाहायची जागा तीच.

या खडकात साठा मात्र थोडा. घट्ट पाषाणात पाण्याला जागा जवळजवळ नसते आणि भेगा-छिद्रांतून हाती येणारं पाणी खडकाच्या घनफळाच्या टक्का, दोन टक्के, फार तर तीन टक्के. चुनखडीसारखे बोगदे इथे नाहीत. त्यामुळे आपला झरा पावसाळ्यानंतर जोरात असतो, संक्रांतीपर्यंत निवांत वाहतो, होळीनंतर बारीक होतो आणि वैशाखात थेंबांवर येतो किंवा आटतो. बारमाही झरा म्हणजे ज्याच्या वरच्या अंगाला पाणी मुरायला मोठं पठार आहे असा.

म्हणूनच माझा आग्रह आहे की सहलीची सुरुवात गोदावरीच्या घाटावरून करू नका. आधी त्र्यंबकला जा, मग घाटावर या. घाटावर दिसणारं पाणी कुठलं, हे तिथे उभं राहून कळत नाही. ब्रह्मगिरीवर, म्हणजे गोदावरी जिथे उगम पावते त्या डोंगरावर, ते डोळ्यांना दिसतं.

त्र्यंबक नाशिकपासून अठ्ठावीस-तीस किलोमीटर. एसटीने तासाभराची वाट. गावातल्या कुशावर्तावर थोडा वेळ थांबा, पण तिथे झरा शोधू नका. तो दगडी बांधणीचा, कायम गर्दीचा कुंड आहे आणि श्रद्धेने आलेल्या लोकांना तिथे मोकळेपणा मिळायला हवा. गंगाद्वाराच्या पायऱ्या चढायला लागा. चढ अंगावर येणारा आहे, पण पायऱ्या चांगल्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी थांबत थांबत जावं. वर गेल्यावर देवीच्या देवळामागे उभा कडा आहे आणि त्या कड्याच्या पायथ्याशी खडकातून पाणी पाझरतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एवढंच? दक्षिणेतली सर्वांत लांब नदी, १४६५ किलोमीटर वाहणारी गोदावरी, आणि इथे बोटभर धार. पण मान वर करून कडा बघा. डोक्यावर ब्रह्मगिरीचं पठार आहे. त्या पठारावर नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला जेवढा भेगांतून खाली उतरला तेवढाच तुमच्यासमोर येतोय. नातवंडांना दाखवायचंय ते हेच: वरचं पठार, मधला उभा कडा, खालची पाझराची रेघ. तिन्ही एका नजरेत मावतात, अशी जागा नाशिकच्या आसपास मला दुसरी माहीत नाही.

गंगाद्वाराला प्रकटलेली गंगा पुढे गुप्त होते आणि गौतम ऋषींनी कुशावर्ताला दर्भाने अडवली, ही कथा मुलांना जरूर सांगा. या थरांच्या खडकात असं होतंही. वरच्या पाझराचं पाणी उतारावरच्या दगडगोट्यांत आणि भुसभुशीत थरात शिरतं, दिसेनासं होतं आणि खाली दुसऱ्या थराच्या कडेला पुन्हा वर येतं.

आता वेळ. बहुतेक लोक श्रावणात जातात. श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला प्रचंड गर्दी असते. पुण्य म्हणून जायचं तर अवश्य जा. झरा पाहायला मात्र पावसाळा अगदी चुकीचा. तेव्हा सगळा कडाच गळत असतो. नुकतं पडून वाहणारं पाणी कुठलं आणि खडकात मुरून आलेलं कुठलं, हे माझ्यासारख्यालाही नुसत्या नजरेने सांगता यायचं नाही. पाऊस थांबून महिना-दीड महिना झाला की वरचं वाहतं पाणी संपतं आणि मग जे उरतं तो झरा. दिवाळी झाल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ उत्तम. मला विचाराल तर पौष. गारठा असतो, गर्दी कमी असते, हवा स्वच्छ असते आणि थंडीचा एक मोठा उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

बरोबर काय न्यायचं? साधा पाण्याचा थर्मामीटर, घरात पाणी तपासायला मिळतो तो पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा), एक लिटरची रिकामी बाटली आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. झऱ्याचं काम करणारे आम्ही लोक पहिल्या भेटीत याहून फार काही वापरत नाही.

बाटलीचं काम आधी. धार जिथे एकत्र होऊन पडते तिथे बाटली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. समजा बारा सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला पाच लिटर, तासाला तीनशे, दिवसाला ७२०० लिटर. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. भागाकार मुलांना करू द्या: बोटभर वाटणारी ती धार एकशे तीस माणसांची तहान आणि घरकाम भागवते. हा हिशोब स्वतःच्या हाताने केलेलं मूल झऱ्याजवळ पुन्हा कधी वेफरचं पाकीट टाकत नाही, असा माझा अनुभव आहे. धार नुसती कड्यावरून ओघळत असेल, एकत्र होत नसेल, तर मोजण्याचा हट्ट धरू नका. खडक खरवडून किंवा पन्हळ ठोकून धार वळवायची नाही. ती जागा देवाची आहे, आणि झऱ्याचं तोंड एकदा दुखावलं की पाणी दुसरी वाट धरतं.

थर्मामीटरचा उपयोग सर्वांत मजेशीर. जमिनीखाली काही मीटरवर उन्हाळा-हिवाळा पोचत नाही. तिथलं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, त्या गावच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीइतकं. नाशिकला ते साधारण पंचवीस अंशांच्या आसपास, ब्रह्मगिरीच्या उंचीवर थोडं कमी. पौषातल्या पहाटे नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, नदीचं उघडं पाणीही चांगलंच गार पडतं. अशा वेळी झऱ्यात हात घातला तर तो कोमट लागतो. मे महिन्याच्या दुपारी हाच झरा थंडगार लागेल, पारा मात्र जवळजवळ तोच दाखवेल. म्हणून थंडीतली पहाट. एकाच ठिकाणी दोन हात अंतरावर पाण्याचं तापमान चार-पाच अंशांनी बदललं, तर खालून पाणी येतंय असं समजायला भक्कम आधार मिळतो.

टीडीएस मीटरबद्दल जरा सावध राहा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. खडकात जितका काळ ते राहील तितके क्षार विरघळतात. ब्रह्मगिरीसारख्या उंच जागी पाणी खडकात थोडाच काळ असतं, म्हणून आकडा कमी येतो, कित्येकदा शंभराच्याही खाली. शहरातल्या विहिरीचं पाणी जास्त काळ मुरलेलं, त्याचा आकडा तीनशे-चारशेवर जातो. पण सांडपाणी मिसळलं तरी आकडा चढतोच. त्यामुळे घाटावर मोठा आकडा दिसला म्हणून झरा सापडला असं म्हणू नका. तापमान, टीडीएस आणि पाणी किती महिने टिकतं, ही तिन्ही एकत्र बघायची.

आता गंगेवर या. नाशिककर घाटाला गंगाच म्हणतात, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

इथली कुंडं माझ्या मते आपल्या शहराचं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित वैभव आहे. सॅन अँटोनियोने झऱ्यांभोवती उद्यान केलं. आपल्या पूर्वजांनी नदीच्या पात्रातच दगडी चौकटी बांधून एकामागून एक कुंडं रचली. लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, रामकुंड, सीताकुंड, अहल्याबाईंचं कुंड, शारंगपाणी, पेशव्यांचं, खंडोबाचं, मुक्तेश्वराचं. रामकुंड १६९६ मध्ये चित्रराव खटावकरांनी बांधलं आणि पुढे गोपिकाबाई पेशव्यांनी त्याची दुरुस्ती केली असं इतिहासात नोंदलेलं आहे. बांधणाऱ्यांनी काय केलं ते बघा. चारी बाजूंनी घडीव दगड, पायऱ्या, दोन कुंडांच्या मध्ये सांडवा, आणि तळाला नदीचा मूळ खडक तसाच उघडा. पावसाळ्यात नदी वरून वाहून जाते. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा तळाच्या भेगांतून येणारं पाणी त्या चौकटीत साठतं. जुन्या वाड्यांतली मंडळी आजही सांगतात की नदीची धार तुटायची, पण कुंडं भरलेली असायची.

त्या वेळी नाशिकला धरण नव्हतं. गंगापूर धरण १९६५ मध्ये पुरं झालं आणि घाटाचं पाणी धरणाच्या आवर्तनावर, म्हणजे तिथून ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, चालू लागलं. लोकांच्या नजरेतून झरे गेले ते तेव्हापासून, कारण पाणी वरून येतच होतं. मग २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. भाविकांचे पाय घसरू नयेत, गाळ काढायला सोपं जावं, ही कारणं समजण्यासारखी होती. पण भूजलाच्या दृष्टीने ते फार महाग पडलं. खडकाच्या भेगा ही दुहेरी वाट असते: नदी भरलेली असते तेव्हा पाणी खाली मुरतं, नदी उतरते तेव्हा तेच वर येतं. काँक्रीटने दोन्ही बंद झालं. २०१६ च्या उन्हाळ्यात धरणात पाणी नव्हतं, आवर्तन नव्हतं, तेव्हा रामकुंड कोरडं पडलं आणि त्यात टँकरने पाणी ओतावं लागलं. त्या दिवसांत घाटावर उभं राहून मला जे वाटलं ते अजून सांगता येत नाही. दुष्काळ त्याआधीही पडले होते. फरक एवढाच होता की या वेळी पाण्याची खालची वाट बुजलेली होती, आणि शहरभर खोल गेलेल्या बोअरवेलनी पातळीही उतरवली होती.

अलीकडच्या वर्षांत पात्रातल्या काही कुंडांच्या तळाचं काँक्रीट काढलं गेलं. यासाठी नाशिकच्या नागरिकांनी न्यायालयापर्यंत चिकाटीने पाठपुरावा केला, त्यांचे उपकार आहेत. आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत. घाट रुंद करा, दिवे लावा, पायऱ्या दुरुस्त करा, पण तळाला हात लावू नका, हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलतो. पायऱ्यांवर पाय घसरू नये म्हणून करायच्या गोष्टी वेगळ्या आणि तळ बंद करणं वेगळं.

घाटावर जायचं तर गंगापूरचं आवर्तन बंद असलेला दिवस निवडा. पात्र भरून वाहत असेल तर तुम्हाला धरणाचं पाणी दिसेल, झरा दिसणार नाही. पहाटे जा. होळकर पुलाच्या बाजूने सुरुवात करून प्रवाहाच्या दिशेने रामकुंड, गांधी तलाव, दुतोंड्या मारुती, नारोशंकराचं देऊळ असं गाडगे महाराज पुलापर्यंत चालत या. नदी इथे दक्षिणेकडे वळते ते वळण मुलांना दाखवा. दुतोंड्यापाशी थांबून पुराची पातळी सांगा: पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात. म्हणजे एकाच घाटावर वरच्या पाण्याची पातळी मोजणारा मारुती आहे आणि खालच्या पाण्याची पातळी दाखवणारी कुंडं आहेत. मुलांना ही जोडी फार आवडते.

पात्रात पाणी कमी असेल तेव्हा पुलाच्या खालच्या अंगाला, जिथे मूळ खडक उघडा आहे, तिथे नीट बघा. शांत पाण्यात वाळूचे कण एकाच जागी नाचताना दिसले, बारीक बुडबुडे एका ओळीत वर येताना दिसले, किंवा भेगेच्या कडेला पाणी काचेसारखं स्वच्छ आणि बाजूला गढूळ असं दिसलं, तर तिथे उमाळा असण्याची शक्यता आहे. बुडबुडे सगळेच झऱ्याचे नसतात. काळ्या गाळातून येणारे, वास असलेले बुडबुडे कुजण्यातून होणाऱ्या वायूचे असतात. गाळ काळा असेल तर त्या जागेचा नाद सोडा.

रामकुंडात मात्र कोणतंही उपकरण घालू नका. तिथे अस्थिविसर्जन चालू असतं, दशक्रियाविधीला आलेली माणसं असतात. मंडळी घेऊन जाताना आवाज खाली ठेवा, फोटो काढू नका. काही विचारायचं असेल तर तिथल्या गुरुजींना विचारा. पिढ्यान्‌पिढ्या घाटावर असलेल्या घराण्यांना पाण्याच्या जागा आमच्या नकाशांपेक्षा चांगल्या ठाऊक असतात.

वेळ उरला तर तपोवनात कपिला संगमावर जा. घट्ट काळा पाषाण तिथे पात्रात मोकळा दिसतो, त्याच्या भेगा दिसतात, पाणी कुठून वाट काढेल ते कळतं. सोमेश्वरचा धबधबा सुंदर आहे, पण तो नदीचं वरून पडणारं पाणी आहे. झरा म्हणून मुलांना दाखवू नका, गोंधळ होतो.

पांडवलेणी मात्र आवर्जून करा, झऱ्याची उलटी बाजू समजायला. त्रिरश्मी डोंगरावर लेण्यांच्या शेजारी खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने हे लेणं करवलं आणि या पोढ्याही करवल्या असं कोरलेलं आहे. पोढी म्हणजे हीच टाकी. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी दान देणाऱ्याला लेण्याइतकंच पाणी महत्त्वाचं वाटलं. टाकी कोरायला त्यांनी घट्ट थर निवडला, कारण तो पाणी धरून ठेवतो, आणि कड्यावरून पाझरणारं व पावसाचं पाणी आत येईल अशी जागा साधली. कड्याकडे पाहत चाललात तर दोन थरांमधली ओली रेघ काही ठिकाणी दिसेल. खडकात पांढरे, चमकणारे ठिपके दिसतील ते झिओलाइटच्या गटातली खनिजं. नाशिकचे असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ज्या थरात छिद्रं अशा खनिजांनी भरून गेलीत, तिथून पाणी कमी सरकतं. स्फटिक काढायला दगड फोडू देऊ नका, ते संरक्षित स्मारक आहे.

आता पिण्याचं. घाटावरचं पाणी पिऊ नका. तीर्थ म्हणून डोळ्यांना लावा, डोक्यावर घ्या. शहराच्या मधोमध असलेल्या नदीपात्रात झऱ्याचं पाणी कितीही शुद्ध आलं तरी बाहेर पडताक्षणी ते बाकीच्या पाण्यात मिसळतं. गंगाद्वारालाही मुलांना आणि वयस्कर मैत्रिणींना तसंच पाणी देऊ नका. वर माणसं आहेत, माकडं आहेत, गुरं आहेत, आणि भेगांच्या खडकात पाणी इतकं जलद खाली येतं की ते नीट गाळलं जात नाही. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही, हे लोकांना सांगून सांगून मी थकलो. आकडा साठ आला म्हणजे पाणी बिसलेरीसारखं झालं असं समजतात. जंतूंसाठी एच-टू-एस बाटली मिळते. तिच्या खुणेपर्यंत पाणी भरून सावलीत, उबदार जागी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायची. पाणी काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असल्याचा संशय धरायचा आणि प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं. मुलांसाठी हा प्रयोग फार चांगला: एक बाटली गंगाद्वाराची, एक घाटाची, एक घरच्या नळाची. तिन्हींवर जागा आणि वेळ लिहा. उघडलेल्या बाटल्या ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात बुडवूनच टाका, मुलांच्या हाती देऊ नका.

भजनी मंडळ मोठं असेल तर गंगाद्वाराला दहा-बाराच्या तुकड्या करा. वरची जागा चिंचोळी आहे आणि शेवाळ असतं; चपला रबरी तळाच्या हव्यात. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं हातातून ओढतात. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणापर्यंत खाली येता. घाट त्याच दिवशी उरकायची घाई करू नका, दुसऱ्या दिवशीची पहाट त्यासाठी ठेवा, म्हणजे कोमट पाण्याची परीक्षाही होईल.

आणि एक काम कराल का? तुमच्या घराजवळ किंवा जुन्या नाशकात ओळखीच्या वाड्यात वापरातली आडविहीर असेल तर तिच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दोरीने मोजून ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा. दोरीला दर हातावर गाठ मारा, टोकाला लहानसा दगड बांधा, वहीत तारीख आणि आकडा लिहा. चार नोंदी झाल्या की मला पाठवा. मी त्या शेजारच्या निरीक्षण विहिरीच्या आकड्यांशी ताडून कळवतो.